मदर ब्रॉडनॅक्सचा होकार

या, असे जवळ येऊन बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे सरकावं. जागा भरपूर आहे आणि ही गोष्ट काही ओरडून सांगण्यातली नाही. व्हर्लीन स्टॅन्सिलची गोष्ट आहे. तिच्यात राजा नाही, लढाई नाही. अडुसष्ट वर्षांची एक बाई, एक जुना राउटर आणि अमेरिकेतल्या मस्कीगन गावातला एक रविवार, एवढाच ऐवज. पण कान देऊन ऐकलंत तर रिकाम्या हातांनी उठणार नाही, एवढं वचन आधीच देऊन ठेवावंसं वाटतं.

गुरुवारी दुपारी कंपनीचा दाढीवाला माणूस जिन्याखालच्या कोनाड्यातून गुडघे झटकत बाहेर आला, तेव्हा राउटरवरचा दिवा नारिंगी होता.

"तो निळा असतो," व्हर्लीन म्हणाली.

"होईल निळा. जरा रुळू द्या त्याला. नवी जागा आहे."

"सात वर्षं तो त्याच फळीवर बसलाय. नवं आहे ते तुमचं यंत्र."

तो हसला. त्याच्या मते त्याने बसवलेला मोडेम, म्हणजे बाहेरच्या तारेतून इंटरनेट घरात आणणारा डबा, पहिल्या प्रतीचा होता. त्याने स्वतःचा लॅपटॉप मोडेमला जोडून पाहिला होता आणि इंटरनेट घोड्यासारखं धावत होतं. भिंतीवरचा फोनही आता याच मोडेममधून चालणार, आणि आत बॅटरी असल्यामुळे वादळात वीज गेली तरी फोन मरणार नाही, हे त्याने दोनदा सांगितलं. मग सही घेतली आणि दहा मिनिटांत दिवा निळा होईल असं म्हणून तो गेला. त्याची गाडी तळ्याच्या रस्त्याला वळेपर्यंत व्हर्लीन दारात उभी होती. आत येऊन तिने कोनाड्यापुढे खुर्ची ठेवली आणि बसून राहिली. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, चुलीवरच्या घेवड्याच्या शेंगा शिजून गाळ झाल्या. दिवा नारिंगीचा हलला नाही.

ही नवी कंपनी तिने हौसेने आणली नव्हती. जुन्या कंपनीने पत्र पाठवून कळवलं होतं की तुमच्या रस्त्यावरच्या तांब्याच्या तारा आता आम्ही सांभाळणार नाही, महिनाअखेर सेवा बंद. तारा जातील, त्यांचा मोडेम ते परत नेतील, राउटर तेवढा तुमचा. दुसरी कंपनी त्या रस्त्यावर एकच होती. म्हणून ही आली.

व्हर्लीनला स्वतःला इंटरनेटचं काही पडलेलं नव्हतं. चौतीस वर्षं तिने वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घातल्या, त्यांच्या कुशी बदलल्या, निवृत्त झाली आणि तेच काम फुकट करायला लागली. तिच्या डोक्यावरच्या मजल्यावर मदर आयडेला ब्रॉडनॅक्स राहत होत्या. वय त्र्याण्णव. न्यू गिलियड चर्चमध्ये पुढच्या बाकावर पांढऱ्या वेषात बसणाऱ्या ज्या मदर, म्हणजे मंडळीतल्या मानाच्या आज्या, त्या सगळ्यांत वडील. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून त्या खाटेवरच होत्या. सकाळी मक्याच्या कण्यांची पेज, दुपारी दोन घास, संध्याकाळी पाठीला तेल, हे सगळं व्हर्लीन करायची. तो राउटर अजून ठेवला होता तो मदरसाठी.

का, ते सांगायला हवं. न्यू गिलियडचे रेव्हरंड थॅडियस मॅक्लॉरिन प्रवचन गातात. सुरुवातीला चष्मा लावून शांतपणे वाचतात. मग वाक्यांना झोका यायला लागतो. मग चष्मा खाली ठेवला जातो, ऑर्गन हळूच एक सूर धरतो, आणि शेवटचा पाव तास तो माणूस बोलत नसतोच, गात असतो. पण हे गाणं एकट्याचं नव्हे. त्याने ओळ टाकायची, समोरून होकार यायचा, त्या होकारावर पाय ठेवून त्याने वरची पायरी गाठायची. मागे ध्रुपद धरणारं कुणी नसेल तर बुवा कितीही मोठे असोत, अभंग जमिनीवरच राहतो, तसंच हे.

आणि मॅक्लॉरिनना होकार कोणाचा लागायचा, तर मदर ब्रॉडनॅक्सचा. एकोणिसाव्या वर्षी ते पहिल्यांदा प्रवचनाला उभे राहिले तेव्हा बायबलमधलं वचन विसरले होते, आणि लोक पुठ्ठ्याच्या पंख्यांनी वारा घेत छताकडे बघत होते. तेव्हा पुढच्या बाकावरून एकच आवाज आला होता, "घाई नाही, लेकरा. आम्ही कुठे चाललोय?" त्याला त्रेपन्न वर्षं झाली.

खुबा मोडल्यावर पहिल्या रविवारी रेव्हरंडांचं प्रवचन पडलं. दुसऱ्याही रविवारी पडलं. टेलिफोन लावून पाहिला, पण मदरच्या कानांना तो पुरेना आणि त्यांचा आवाज चर्चभर पोचेना. तेव्हा चर्चने दोन टॅब्लेट घेतले. एक मदरच्या खाटेवर. दुसरा पुढच्या बाकावर, मदरच्या जागी, पाठीला भजनाच्या पुस्तकांचा टेकू देऊन. मदरने हट्टाने आपली पांढरी टोपी चर्चमध्ये पाठवली आणि दर रविवारी ती त्या टॅब्लेटच्या डोक्यावर ठेवायची असा हुकूम केला. मुलं हसली. मोठी माणसं महिनाभर हसू दाबून होती, मग सवय झाली. रेव्हरंडांनी ओळ टाकली की मदरचा होकार यायला दोन श्वास उशीर व्हायचा. ते थांबायला शिकले. पाहुण्यांना वाटायचं, म्हातारा विसरला. गावातल्यांना ठाऊक होतं की मदरचा शब्द वाटेत आहे.

तर येत्या रविवारी रेव्हरंडांचं शेवटचं प्रवचन होतं. हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी बोट दाखवून बजावलं होतं, आणि सोमवारी मुलगी येऊन त्यांना ह्यूस्टनला नेणार होती. बुधवारी व्हर्लीन पाठीला तेल लावत असताना मदर भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "पहिल्याला मी होते. शेवटच्याला नसले तर ते पोर अर्ध्यावर लटकेल गं."

आता कुणी म्हणेल, राउटर बदला, झालं. तिथेच पेच होता. मदरची लेक शार्लसेटा सिएटलला असते. सुरुवातीला एकदा मदरचं बोट भलतीकडे पडून एका फर्निचरच्या दुकानाशी दोन तास पडद्यावर चेहऱ्याला चेहरा लावून संभाषण झालं होतं. दुकानदाराचं भलं झालं, त्याने रडून मदरकडून प्रार्थना करून घेतली, पण शार्लसेटाने तेव्हापासून टॅब्लेटला कुलूप घातलं. पडद्यावर एकच चित्र ठेवलं, चर्चचं. ते दाबलं की मदर चर्चमध्ये. बाकी सगळं एका आकड्यामागे बंद. तो आकडा ती विसरली. सगळ्यांचे वाढदिवस घालून झाले, मेलेल्यांचेसुद्धा. टॅब्लेटला हा एकच राउटर ठाऊक होता. नव्या राउटरचं नाव त्याला सांगायचं तर तो आकडा हवा. म्हणजे जुना राउटर नव्या मोडेमशी बोलला तर मदर रविवारी चर्चमध्ये, नाहीतर नाही. इतकं सरळ होतं ते.

व्हर्लीनने गुरुवारी संध्याकाळी कंपनीला फोन लावला. भिंतीवरचा तो फोन वेटोळ्यांच्या वायरीचा होता, वायर ताणली की कोनाड्यापर्यंत पुरायची. पलीकडच्या माणसाने तिची जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला, मग पुन्हा पत्ता विचारला. मग म्हणाला, मोडेमची वायर भिंतीतून काढा, तीस मोजा, परत लावा. व्हर्लीनने काढली, नाडी मोजतात तसे तीस मोजले, परत लावली. दिवा नारिंगी. तो म्हणाला, म्हणजे तुमचा राउटरच गेला. व्हर्लीन म्हणाली की बुधवारपर्यंत तो चालत होता. तो म्हणाला, जुना आहे, आमच्या मोडेमशी त्याचं जमत नसणार, आमचा राउटर घ्या, बुधवारी घेऊन येतो. तिने रविवारचं सांगितलं. त्याने आजचा दिवस आनंदात जावो म्हणून फोन ठेवला.

शुक्रवारी तीनदा लावला. तिन्ही वेळा नवा माणूस, तीच जन्मतारीख, तोच पत्ता, त्याच वायरी, तेच तीस. एकाने मोडेम आणि राउटर दोन्ही काढायला लावले. एकीने आधी राउटर, मग मोडेम. तिसरा म्हणाला की मॅडम, तुम्ही खरंच काढताय ना. व्हर्लीनने रिसीव्हर कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे पाहून घेतलं. चौतीस वर्षांत तिने न दिलेलं औषध दिलं म्हणून एकदाही लिहिलं नव्हतं. मग कानाला लावून म्हणाली की होय साहेब, खरंच काढतेय. नंतर तिने बिडाचा तवा घेतला आणि स्वच्छ असलेला तो तवा अर्धा तास घासला.

दर जेवणाला वरून प्रश्न यायचा, दिवा निळा झाला का. व्हर्लीन म्हणायची, होतोय.

"'होतोय' म्हणायची माझ्या नवऱ्याची फार सवय," मदर म्हणाल्या. "छप्पर बारा वर्षं होत होतं."

शनिवारी सकाळी चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक, डीकन ऑर्विल पेग्यूज आले. चर्चचे माईक आणि भोंगे तेच सांभाळायचे आणि विजेवर चालणारं जगातलं प्रत्येक यंत्र आपलं ऐकतं अशी त्यांची श्रद्धा होती. व्हर्लीन आणि ते एका शाळेतले. आधी त्यांनी केकचे दोन तुकडे खाल्ले, मग कोनाड्यात वाकले.

"हा तर म्हातारा झालाय, सिस्टर."

"तुझ्या गुडघ्यांहून तरुण आहे. बघ काय ते."

त्यांनी राउटरच्या पाठीची प्रत्येक वायर काढून घातली, फुंकर मारून घातली, रुमालाने पुसून घातली. असं पंधरा-वीस वेळा झालं. मग त्यांना मागे एक बारीक भोक सापडलं आणि डोळे चमकले. टाचणी घालून दाबलं की राउटर कोरा होतो, आईच्या पोटातून आत्ता आल्यासारखा, असं सांगत त्यांनी खिशातून टाचणी काढलीही. व्हर्लीनने त्यांचं मनगट धरलं.

"आत्ता जन्मलेलं पोर कुणाचं नाव ओळखतं, ऑर्विल?"

त्यांनी टाचणी परत खिशात घातली. मग म्हणाले की जुनं नाव आणि जुना पासवर्ड पुन्हा घालता येईल. पासवर्ड काय होता, तिने विचारलं. तो तुला माहीत असायला हवा, ते म्हणाले. तो टॅब्लेट आला त्या वर्षीच्या कॅलेंडरवर लिहिला होता आणि ते कॅलेंडर तिने दर वर्षीसारखं डिसेंबरच्या शेवटी फेकलं होतं. यावर दोघांचं थोडं वाजलं. ते म्हणाले, बायकांना काही जपून ठेवता येत नाही. ती म्हणाली की तुझी बायको तुला त्रेचाळीस वर्षं ठेवून आहे, त्याहून जपायचं म्हणजे काय. शेवटी डीकननी राउटरवर हात ठेवला, डोळे मिटून मनापासून प्रार्थना केली, एक डोळा उघडून पाहिलं. नारिंगी.

दारात टोपी घालताना त्यांनी हळूच विचारलं की मदरना मी सांगू का.

"रविवार अजून उजाडलेला नाही," व्हर्लीन म्हणाली आणि दार लावून घेतलं.

रविवारी ती पाचलाच उठली. न्यू गिलियडच्या मधल्या दाराशी उभं राहून लोकांना जागेवर नेण्याचं काम तिचं, एकोणतीस वर्षांपासूनचं. पांढरा गणवेश इस्त्री करून टांगलेला होता, हातमोजे फ्रिजवर होते. सातला पेज घेऊन वर गेली तर मदर आधीच उठून बसलेल्या, पांढरा झगा घातलेल्या, मोठे हेडफोन गळ्यात. टॅब्लेट मांडीवर. त्यांनी दिव्याचं काही विचारलं नाही. वाटी रिकामी करून परत दिली आणि व्हर्लीनच्या गालाला हात लावला. व्हर्लीनला वाटलं, विचारलं असतं तर बरं झालं असतं.

खाली येऊन तिने गणवेश चढवला आणि नऊला फोन लावला. पलीकडे एक वाजंत्री लागली. मधूनमधून एक ध्वनिमुद्रित बाई सांगायची की तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे. साडेनऊ झाले. पावणेदहा झाले. दहाला बाहेर गाडीचा भोंगा वाजला. चर्चमधली रूबी आली होती तिला न्यायला. व्हर्लीन वायर ताणून दारापर्यंत गेली. ओरडावं तर फोनवर माणूस आला तर काय. तिने चर्चमधल्यासारखा तळहात उताणा केला आणि बाजूला सरकवला: इथली जागा भरली, तुम्ही पुढे व्हा. रूबी काचेतून बघत राहिली. गाडी तशीच थोडा वेळ उभी राहिली आणि मग गेली. गाडी कोपऱ्यावर वळल्यावर व्हर्लीनला पहिल्यांदा कळलं की आपण आज जाणार नाही. शेवटच्या दिवशी मधल्या दाराशी दुसरंच कुणीतरी उभं राहील.

साडेदहाला वाजंत्री थांबली आणि मॅरिसोल नावाची बाई बोलू लागली. आवाजावरून चाळिशीची. हिने जन्मतारीख एकदाच विचारली. व्हर्लीनने सगळं सांगितलं, दाढीवाल्यापासून टाचणीपर्यंत. मॅरिसोल मध्ये बोलली नाही. मग तिने विचारलं, त्या माणसाने तपासायला मोडेमला आधी काय जोडलं होतं. त्याचा लॅपटॉप, व्हर्लीन म्हणाली.

"मग तेच. मोडेम जागा झाल्यावर जे यंत्र त्याला पहिलं भेटतं, तेच तो धरून बसतो. दुसऱ्याला दारात उभं करत नाही. तुमचा राउटर धडधाकट आहे, बाई. मोडेमला नीट झोपवा, दहा मिनिटं, म्हणजे तो लॅपटॉप विसरेल आणि उठल्यावर तुमच्या राउटरला पहिलं बघेल."

"तीन दिवस झोपवतेय मी त्याला."

"पुन्हा एकदा. माझ्यासमोर."

व्हर्लीन खाली बसली, गणवेशासकट, आणि मोडेमची वायर भिंतीतून उपटली. मॅरिसोल म्हणाली की आता आपण दोघी थांबू, मी इथेच आहे. तिने विचारलं, प्रवचन किती वाजता. बाराच्या सुमाराला, व्हर्लीन म्हणाली. मॅरिसोल सांगू लागली की तिच्याकडेही आजी खाटेवर आहे, तिला माळ जपायची असते आणि मणी मोजायला दुसऱ्याचं बोट लागतं. व्हर्लीन ऐकत होती. ऐकता ऐकता तिचं लक्ष हातातल्या रिसीव्हरकडे गेलं. मग त्याच्या वेटोळ्या वायरीकडे. ती वायर भिंतीला जात होती आणि भिंतीतून निघालेली दुसरी सरळ त्या मेलेल्या मोडेमच्या पाठीत शिरत होती.

"बाई, एक विचारते," ती म्हणाली. "हा फोन याच मोडेममधून येतो ना?"

"हो."

"मग मी याला बंद केलंय, तर आपण बोलतोय कशा?"

मॅरिसोलने हळूच स्पॅनिशमध्ये कुणा संताचं नाव घेतलं.

मरणाच्या खाटांशी व्हर्लीनचं आयुष्य गेलं होतं. कोण गेलं आणि कोण नुसतं निपचित पडलंय हे तिला चादरीच्या हालचालीवरून कळायचं. तिने कोनाड्यातला दिवा मालवला आणि मोडेमकडे वाकून पाहिलं. सगळ्यात खालच्या कडेला, मोहरीएवढा, एक हिरवा ठिपका जिवंत होता. तीन दिवस ती वायर उपटत होती, आणि बॅटरी त्याला जागं ठेवत होती. सगळ्यांनी तिला तेवढंच सांगितलं आणि तिने तेवढंच केलं.

मॅरिसोल सांगत होती की झाकण खालच्या बाजूला आहे, नाण्याने फिरवा, बॅटरी निघाली की आपला फोन तुटेल, घाबरू नका, दहा मिनिटांनी आधी मोडेम आणि मग... एवढ्यात बॅटरी हातात आली. शब्द अर्ध्यात कापला गेला. हिरवा ठिपका विझला. तिचे आभार मानायचे राहूनच गेले.

दहा मिनिटं व्हर्लीनने घड्याळ पाहिलं नाही. दिवस मावळत आला की म्हणायचं एक संथ भजन तिने चार वेळा, एकेका ओळीला श्वास घेत, मनात म्हटलं. मग बॅटरी बसवली, मोडेम लावला, त्याचे दिवे एकेक करून स्थिर होऊ दिले, आणि सगळ्यात शेवटी राउटर लावला. नारिंगी. नारिंगी. तिने डोळे मिटले नाहीत. डीकनची प्रार्थना बघितली होती. मग दिवा एकदा लवला आणि निळा झाला.

जुन्या घरांना असते तशी तिच्या छताला, खालची ऊब वरच्या खोलीत जावी म्हणून, लोखंडी जाळी होती. तिच्यातून वरून हाक आली. "व्हर्लीन, टोपी वाकडी ठेवलीय यांनी. मला माझीच टोपी दिसतेय कडेला." म्हणजे चर्च आलं होतं. व्हर्लीनला हसू फुटलं आणि त्याच क्षणी दिवा विझला.

नारिंगी नव्हे, विझलाच. तीन दिवसांत इतक्यांदा उपटून घालून राउटरच्या पाठीतली विजेची पिन सैल झाली होती. अंगठ्याने आत दाबून किंचित डावीकडे रेटली की दिवा यायचा. सोडली की जायचा. तिने पुठ्ठ्याची घडी घालून पाहिली. रबर बांधून पाहिलं. चिकटपट्टी गुंडाळली. हात काढला की तीन मोजेपर्यंत टिकायचा आणि मग जायचा, आणि गेला की परत निळा व्हायला चार मिनिटं. चिकटपट्टी नीट बांधणारा डीकन चर्चमध्ये होता. घड्याळात पावणेबारा झाले होते.

तिने कोनाड्यातला झाडू बाहेर सारला, अधू गुडघा लांब केला, पाठ जिन्याला टेकवली आणि अंगठा दाबला. चार मिनिटांनी दिवा निळा झाला. वर मदर म्हणाल्या, "हं, आले परत."

मग सगळं शांत झालं. मदरच्या कानांवर हेडफोन होते, त्यामुळे रेव्हरंडांचा आवाज, ऑर्गन, लोक, यातलं काहीसुद्धा खाली येत नव्हतं. जाळीतून येत होता तो फक्त मदरचा होकार.

बराच वेळ तोही नव्हता. ते चष्मा लावून वाचत असणार. मग एक "हं" आला. मग थोड्या वेळाने, "खरंय." व्हर्लीनला प्रवचनाचा विषय कळला नाही. पण एकोणतीस वर्षं ती त्या माणसाकडे बघत दाराशी उभी होती. "सावकाश" आलं तेव्हा तिला कळलं की त्यांनी चष्मा काढला. "बघ आता" आलं तेव्हा रुमाल बाहेर निघाला असणार. पुढे होकार तालात यायला लागले, प्रत्येकाच्या आधी तेवढीच जागा सोडून, जणू खाली कुणीतरी भिंतीवर टिचक्या मारत होतं. "हो." "हो तर." "माहितीय मला." व्हर्लीनच्या मानेने आपोआप ठेका धरला. अंगठा बधिर झाला होता, त्याच्यावर तिने दुसऱ्या हाताचा अंगठा ठेवला. गुडघ्यातून कळ मांडीपर्यंत चढत होती. मधल्या दाराशी आता कोण उभं असेल, हा विचार दोनदा आला आणि दोन्ही वेळा तिने तो जाऊ दिला.

मदरचा आवाज चढत गेला. त्र्याण्णव वर्षांच्या छातीत एवढा आवाज कुठे होता देव जाणे. छताची जाळी थरथरली. आणि मग तो थांबला.

दोन श्वास गेले. चार गेले. दहा गेले. व्हर्लीनने अंगठ्याकडे पाहिलं. दिवा निळा होता. मोडेमचे दिवे स्थिर होते. वर काहीच हालत नव्हतं. तिला वाटलं, तुटलं कुठेतरी. वर धावावं तर हात काढावा लागेल, आणि तुटलेलं नसेल तर आपणच तोडू. ती तशीच बसून राहिली, वर बघत.

मग जाळीतून मदरचा आवाज आला. चर्चमधला नव्हता तो. शाळेला निघालेल्या मुलाला दारात म्हणावं तसा, लहानसा.

"जा आता. झालं तुझं सगळं. नीट पोच."

रेव्हरंडांनी काय म्हटलं होतं, ते व्हर्लीनला त्या दिवशीही कळलं नाही आणि पुढेही तिने कुणाला विचारलं नाही. हेडफोन काढून ठेवल्याचा आवाज झाला. बऱ्याच वेळाने मदरनी नाक पुसलं आणि खाटेवरूनच जाळीकडे वाकून विचारलं, "ऐकलंस ना गं, व्हर्लीन?"

"ऐकलं, मदर," ती म्हणाली.

आशीर्वचन व्हायचं राहिलं असेल, या हिशेबाने तिने अंगठा आणखी थोडा वेळ तसाच दाबून ठेवला.

तेव्हा मंडळी, पुढे कधी भरल्या मंडपात कीर्तनाचा रंग चढेल आणि तुमचा आवाज बुवांच्या आवाजात मिसळेल, तेव्हा बाहेर चपला राखत बसलेल्या आणि नुसता गजर ऐकून डोलणाऱ्या माणसाकडे एकदा मान वळवून बघा, आणि त्या वेळी व्हर्लीन स्टॅन्सिलची आठवण असू द्या.